न्यायाधीश नेमायचे कोणी?

न्यायाधीशांची नेमणूक हा वकिलांचा आणि पुढाऱ्यांचा विषय. रुळावर घण मारणाऱ्या गँगमनचा किंवा उन्हातान्हात टपाल वाटणाऱ्या पोस्टमनचा त्याच्याशी काय संबंध, असे आपल्यापैकी अनेकांना वाटत असेल. त्याचे उत्तर आपल्याच खटल्यांच्या इतिहासात आहे. ते वाचावे, म्हणजे हा विषय किती जवळचा आहे ते कळेल.

१९७५ साली चल्लप्पन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, रेल्वे कर्मचाऱ्याला फौजदारी खटल्यात शिक्षा झाली असली तरी नोकरीतून काढण्यापूर्वी त्याचे म्हणणे ऐकलेच पाहिजे. अवघ्या दहा वर्षांत, जुलै १९८५ मध्ये, तुलसीराम पटेल खटल्यात त्याच न्यायालयाने हा निकाल रद्दबातल ठरवला. कलम ३११ (२) च्या दुसऱ्या परंतुकाखाली चौकशीशिवाय आणि नोटिशीशिवायही बडतर्फ करता येते, असा कौल चार विरुद्ध एक मताने दिला गेला. लोको रनिंग स्टाफच्या संपात भाग घेतला म्हणून नियम १४ (२) चे हत्यार चालवून घरी बसवलेल्या रेल्वे कामगारांची प्रकरणेही त्याच खटल्यात होती. या दहा वर्षांत घटना तीच होती, कलमही तेच होते. बदलली होती ती खंडपीठावर बसलेली माणसे.

दुसरी बाजूही पाहावी. १९७७ साली राजम्मा खटल्यात टपाल खात्यातील खातेबाह्य, म्हणजे ई. डी. कर्मचारी, हे नागरी पद धारण करतात आणि त्यांना कलम ३११ चे संरक्षण आहे, असा निर्णय झाला. आज ज्यांना आपण ग्रामीण डाक सेवक म्हणतो त्यांच्या लढ्याला पहिला कायदेशीर आधार तिथे मिळाला. १७ डिसेंबर १९८२ रोजी नकारा खटल्याच्या निकालाने पेन्शन ही सरकारची खैरात नसून केलेल्या सेवेचा मोबदला आहे हे प्रस्थापित केले. १९८५ साली इंदरपाल यादव खटल्यात रेल्वेच्या प्रकल्पांवर वर्षानुवर्षे राबणाऱ्या कॅज्युअल कामगारांना टप्प्याटप्प्याने कायम करण्याचा मार्ग मोकळा झाला. नकारा आणि इंदरपाल यादव, हे दोन्ही निकाल न्या. डी. ए. देसाई यांनी लिहिले.

मग १९९६ साल उजाडले आणि एका निकालाने सांगून टाकले की टपाल खाते हा ‘उद्योग’च नव्हे! म्हणजे औद्योगिक विवाद कायद्याचे दार बंद. पुढच्याच वर्षी मोठ्या खंडपीठाने तो निकाल चुकीचा ठरवला म्हणून बरे. आणि ऑगस्ट २००३ मध्ये, तामिळनाडूच्या संपकरी सरकारी कर्मचाऱ्यांना लाखांच्या संख्येने एका फटक्यात बडतर्फ केले गेले तेव्हा, सर्वोच्च न्यायालयाने उच्चारले की सरकारी कर्मचाऱ्याला संपाचा मूलभूत, कायदेशीर किंवा नैतिकसुद्धा अधिकार नाही.

तेव्हा खुर्चीवर कोण बसते यावर आपली भाकरी अवलंबून असते. त्या खुर्चीवर माणूस कोण बसवतो, हे विचारण्याचा कामगाराला पुरेपूर हक्क आहे.

घटना समितीत काय घडले?

२४ मे १९४९ रोजी घटना समितीत या प्रश्नावर चर्चा झाली. तीन सूचना पुढे होत्या. एक अशी की सरन्यायाधीशांच्या संमतीशिवाय नेमणूक होऊ नये. दुसरी अशी की राष्ट्रपतींनी केलेल्या नेमणुकीवर संसदेने दोन तृतीयांश मताने शिक्कामोर्तब करावे. तिसरी अशी की राज्यसभेचा सल्ला घ्यावा. प्रा. के. टी. शहा हे राज्यसभेच्या सल्ल्याचा आग्रह धरणाऱ्यांपैकी होते. एकट्या पंतप्रधानाच्या हाती एवढी सत्ता गेली तर नेमणुकांत पक्षीय वशिला शिरेल, ही त्यांची भीती होती.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तिन्ही सूचना नाकारल्या, पण त्यांनी दिलेली कारणे नीट लक्षात घेतली पाहिजेत. इंग्लंडमध्ये नेमणूक सर्वस्वी सरकारच्या मर्जीवर, तर अमेरिकेत ती सिनेटच्या संमतीवर. यातला पहिला मार्ग धोक्याचा आणि दुसरा अवजड, शिवाय त्यात राजकीय दडपणाला वाव, असे त्यांचे मत होते. सरन्यायाधीशांच्या संमतीबद्दल त्यांनी स्पष्ट बजावले की सरन्यायाधीश कितीही थोर असले तरी तेही माणूसच आहेत. सामान्य माणसाचे गुणदोष आणि पूर्वग्रह त्यांनाही असतात. त्यांच्या हाती नकाराधिकार देणे धोक्याचे ठरेल. म्हणून मधला मार्ग निघाला. राष्ट्रपतींनी, म्हणजे प्रत्यक्षात मंत्रिमंडळाने, न्यायाधीशांशी सल्लामसलत करून नेमणूक करायची. कलम १२४ आणि कलम २१७ मध्ये हेच लिहिले आहे.

बाबासाहेबांना दोन धोके दिसत होते: सरकारची मनमानी आणि न्यायाधीशांची मनमानी. पुढच्या पन्नास-साठ वर्षांत आपण हे दोन्ही धोके एकामागून एक अनुभवले.

मालकच पंच नेमू लागला तेव्हा

२४ एप्रिल १९७३ रोजी केशवानंद भारती खटल्याचा निकाल सात विरुद्ध सहा मतांनी लागला. संसद घटना दुरुस्त करू शकते, पण तिचा मूळ गाभा मोडू शकत नाही, असे बहुमताने ठरले. दुसऱ्याच दिवशी सरकारने न्या. शेलाट, न्या. हेगडे आणि न्या. ग्रोव्हर या तीन ज्येष्ठ न्यायाधीशांना डावलून न्या. ए. एन. रे यांना सरन्यायाधीश नेमण्याचे जाहीर केले. डावललेले तिघेही निकालात सरकारच्या विरुद्ध गेले होते. तिघांनीही राजीनामे दिले.

त्या वेळी या कृतीचे समर्थन करणारे पुरोगामी गोटात कमी नव्हते. बँक राष्ट्रीयीकरण आणि संस्थानिकांचे तनखे या प्रकरणांत न्यायालय आडवे आले होते. तेव्हा काळाची पावले ओळखणारे न्यायाधीश सरकारने निवडले तर बिघडले कुठे, असा युक्तिवाद खुद्द लोकसभेत झाला. ऐकायला तो गोड होता. पण ज्या सरकारने हा युक्तिवाद केला त्याच सरकारने पुढच्या वर्षी, मे १९७४ मध्ये, रेल्वे कामगारांचा वीस दिवसांचा संप चिरडला. हजारोंना तुरुंगात घातले, वसाहतींतून कुटुंबे बाहेर काढली, नोकऱ्या घेतल्या. जून १९७५ मध्ये आणीबाणी आली. मिसाखाली डांबलेल्यांना निदान अटक बेकायदा आहे एवढे तरी न्यायालयात म्हणता येईल का, हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे गेला. २८ एप्रिल १९७६ रोजी न्या. रे यांच्या अध्यक्षतेखालील पाच न्यायाधीशांपैकी चौघांनी सांगितले की, नाही म्हणता येणार. एकटे न्या. एच. आर. खन्ना विरोधात उभे राहिले. जानेवारी १९७७ मध्ये त्यांना डावलून त्यांच्याहून कनिष्ठ न्या. बेग यांना सरन्यायाधीश केले गेले. खन्नांनी राजीनामा दिला. चौघांचा तो निकाल चूक होता हे खुद्द सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१७ मध्ये म्हटले, पण तोवर एकेचाळीस वर्षे उलटली होती.

आणीबाणीतच उच्च न्यायालयांच्या सोळा न्यायाधीशांच्या बदल्या झाल्या. बदलीचे हत्यार कसे चालते हे आपल्या शाखा सचिवांना कोणी शिकवायला नको. संघटनेचे काम करणारा कार्यकर्ता ऐन शाळेच्या दिवसांत दूरच्या स्टेशनवर कसा फेकला जातो, हे प्रत्येक डिव्हिजनला ठाऊक आहे. न्यायाधीशांच्या बाबतीतही हेतू निराळा नव्हता.

यातला धडा असा. केंद्र सरकार हे आपले मालक आहे. देशातल्या न्यायालयांत सर्वांत जास्त खटले ज्याच्या नावावर चालतात असा पक्षकारही तेच. खात्यांतर्गत चौकशीत शिस्तपालन अधिकारीच आरोपपत्र देतो आणि तोच चौकशी अधिकारी नेमतो, याविरुद्ध आपले डिफेन्स हेल्पर वर्षानुवर्षे तक्रार करीत आले आहेत. मग सर्वांत मोठ्या चौकशीत मालकानेच पंच नेमावा, हे आपण कसे मान्य करणार? पक्ष कोणताही असो, सरकारला नेमणुकीची एकहाती सत्ता देण्याला कामगारांचा विरोधच असला पाहिजे.

बंद खोलीतले कॉलेजियम

१९८१ च्या एस. पी. गुप्ता खटल्यात न्यायालयाने शेवटचा शब्द सरकारचा मानला. ६ ऑक्टोबर १९९३ रोजी नऊ न्यायाधीशांच्या खंडपीठाने हा निर्णय उलटवला आणि सरन्यायाधीश व त्यांचे ज्येष्ठ सहकारी यांचे मत सरकारवर बंधनकारक ठरवले. १९९८ साली त्याला आजचे रूप आले: सर्वोच्च न्यायालयासाठी सरन्यायाधीश आणि चार ज्येष्ठतम न्यायाधीश, उच्च न्यायालयांसाठी सरन्यायाधीश आणि दोन. यालाच कॉलेजियम म्हणतात. हा शब्द मूळ घटनेत कुठेही नाही. घटनेत सल्लामसलत होती. न्यायालयाने तिचा अर्थ संमती असा लावला. ज्या नकाराधिकाराला बाबासाहेबांनी धोका म्हटले होते, तो न्यायाधीशांनी स्वतःच्या निकालाने स्वतःकडे घेतला.

आणीबाणीचा अनुभव ताजा होता, त्यामुळे १९९३ चा निकाल समजण्यासारखा होता. पण बंद खोलीत पाच माणसांनी निवड करायची, निकष जाहीर नाहीत, उमेदवारांची यादी नाही, नाकारलेल्याला कारण नाही, असा कारभार किती काळ चालायचा? आपल्या खात्यात सिलेक्शन पोस्टची पॅनेल लागते, डी. पी. सी. बसते, त्यात अन्याय झाला तर निदान कॅटमध्ये दाद मागता येते. मे २००८ मध्ये देव दत्त खटल्यात सर्वोच्च न्यायालयानेच सांगितले की सरकारी कर्मचाऱ्याच्या गोपनीय अहवालातील प्रत्येक शेरा, चांगला असो वा वाईट, त्याला कळवलाच पाहिजे. आपल्याला न्याय देणारा हा निकाल होता, त्याबद्दल ऋण मानावेच लागेल. पण जो नियम क्लार्कच्या बढतीला लागू, तो न्यायमूर्तींच्या निवडीला का नाही?

ऑक्टोबर २०१७ पासून कॉलेजियमचे ठराव प्रसिद्ध होऊ लागले, हे पुढचे पाऊल होय. पण ठराव म्हणजे झालेला निर्णय. तो कसा झाला, कोण विचारात होते, हे अंधारातच राहते.

त्या अंधाराचा परिणाम आकड्यांत दिसतो. २०१८ पासून उच्च न्यायालयांत नेमलेल्या न्यायाधीशांची सामाजिक पार्श्वभूमी नोंदवली जाऊ लागली. २०२३ साली संसदेत दिलेल्या उत्तरानुसार अशा ६०४ न्यायाधीशांपैकी ४५८ खुल्या प्रवर्गातील होते. अनुसूचित जातींचे १८, अनुसूचित जमातींचे ९, इतर मागासवर्गीय ७२, अल्पसंख्य ३४ आणि १३ जणांची माहिती उपलब्ध नव्हती. म्हणजे दर चारातले तीन खुल्या प्रवर्गाचे. सर्वोच्च न्यायालयात पहिली महिला न्यायाधीश येण्यास १९८९ उजाडले आणि पहिले दलित सरन्यायाधीश होण्यास २००७. आपल्या अमरावतीचे न्या. भूषण गवई मे २०२५ मध्ये सरन्यायाधीश झाले तेव्हा महाराष्ट्राला आनंद झाला, तो योग्यच होता. पण पंचाहत्तर वर्षांत अनुसूचित जातींतून फक्त दोन सरन्यायाधीश व्हावेत, हा आनंदाचा हिशेब म्हणता येत नाही.

शिवाय सरकारचा हात सुटला आहे असेही नाही. तो आता मागच्या दाराने चालतो. कॉलेजियमने नाव पाठवायचे आणि सरकारने त्यावर बसून राहायचे. २०१८ साली न्या. के. एम. जोसेफ यांचे नाव सरकारने परत पाठवले. कॉलेजियमने पुन्हा शिफारस केली तेव्हा ऑगस्टमध्ये नेमणूक झाली, पण दरम्यान त्यांची ज्येष्ठता खाली गेली. २०१९ साली न्या. अकिल कुरेशी यांची मध्य प्रदेशच्या मुख्य न्यायमूर्तिपदासाठी झालेली शिफारस सरकारने मानली नाही आणि त्यांना त्रिपुराला जावे लागले. फेरशिफारस झालेल्या नावाची नेमणूक तीन-चार आठवड्यांत व्हावी, असे न्यायालयाने एप्रिल २०२१ मध्ये म्हटले; तरी फायली हलण्याचा वेग सरकारी मर्जीचाच राहिला. तोवर उच्च न्यायालयांत खुर्च्या रिकाम्या आणि आमच्या बडतर्फ सहकाऱ्यांच्या रिट अर्जांना तारीख पे तारीख.

२०१४ चा प्रयत्न आणि त्याची कोंडी

ऑगस्ट २०१४ मध्ये संसदेने नव्याण्णवावी घटनादुरुस्ती मंजूर केली. लोकसभेत बाजूने ३६७ आणि विरोधात शून्य; राज्यसभेतही विरोधात एकही मत नाही. निम्म्याहून अधिक राज्यांच्या विधानसभांनी पाठिंबा दिला. कॉलेजियमच्या जागी सहा जणांचा राष्ट्रीय न्यायिक नियुक्ती आयोग यायचा होता: सरन्यायाधीश, दोन ज्येष्ठ न्यायाधीश, कायदामंत्री आणि दोन नामवंत व्यक्ती. या दोघांची निवड पंतप्रधान, सरन्यायाधीश आणि लोकसभेतील विरोधी पक्षनेते यांनी करायची होती. त्यांपैकी एक जण अनुसूचित जाती-जमाती, इतर मागासवर्ग, अल्पसंख्य किंवा महिला यांतून असावा, ही तरतूदही होती.

१६ ऑक्टोबर २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक मताने हा आयोग घटनाबाह्य ठरवला. न्या. चेलमेश्वर यांनी विरोधी निकाल दिला आणि कॉलेजियमच्या गुप्ततेवर नेमके बोट ठेवले. बहुमताचे म्हणणे असे की न्यायव्यवस्थेचे स्वातंत्र्य घटनेच्या गाभ्यात येते आणि नेमणुकीत न्यायाधीशांचे प्राधान्य हा त्या स्वातंत्र्याचा भाग आहे. आयोगातील कोणतेही दोन सदस्य नाव अडवू शकत होते. नामवंत म्हणजे कोण, याचा काहीच निकष कायद्यात नव्हता. या दोन आक्षेपांत तथ्य होते. कायदामंत्री आणि एखादा सोयीचा नामवंत एकत्र आले की पुढचा न्या. खन्ना दारातच अडला असता.

पण या सगळ्या वादात एक गोष्ट हरवली. ‘संसदेने केलेला आयोग’ म्हणून ज्याचा डंका वाजवला गेला, त्यात संसदेला संसद म्हणून स्थान नव्हतेच. त्यात मंत्री होता. मंत्री म्हणजे सरकार, आणि सरकार म्हणजे संसद नव्हे. विरोधी बाकावरील खासदाराला, मजूर मतदारसंघातून निवडून आलेल्या प्रतिनिधीला एखाद्या नावाबद्दल जाहीर प्रश्न विचारण्याची सोय २०१४ च्या कायद्यात नव्हती, आजच्या पद्धतीतही नाही.

आज घटना संसदेला काय देते? न्यायाधीशांची संख्या ठरवण्याचा अधिकार देते. १९५० साली सरन्यायाधीशांसह आठ होते, २०१९ मध्ये चौतीस झाले. न्यायाधीशाला पदावरून काढण्याचा अधिकार देते. त्याशिवाय न्यायाधीशांच्या वर्तनावर सभागृहात चर्चा करण्यास कलम १२१ मनाई करते. म्हणजे पंगतीला बोलावणे नाही, पण खरकटे काढायला मात्र संसद. आणि तेही काम कसे होते? मे १९९३ मध्ये न्या. रामस्वामी यांच्याविरुद्धच्या ठरावावर बाजूने १९६ मते पडली, विरोधात एकही नाही, पण सत्ताधारी काँग्रेस आणि मित्रपक्षांचे २०५ खासदार तटस्थ बसले आणि ठराव पडला. चौकशी समितीने दोष सिद्ध मानले होते, तरी पक्षाच्या सोयीपुढे ते टिकले नाहीत.

संसदेचा सहभाग मागताना हा प्रसंग विसरून चालणार नाही.

शेजारी आणि दूरचे अनुभव

अमेरिकेत सिनेटच्या संमतीशिवाय सर्वोच्च न्यायालयात कोणी बसत नाही. जाहीर सुनावणी होते, उमेदवाराचे जुने निकाल आणि लेख चिरफाड होऊन लोकांसमोर येतात. १९८७ साली रॉबर्ट बोर्क यांना सिनेटने ५८ विरुद्ध ४२ मतांनी नाकारले. पण २०१६ साली त्याच सिनेटने मेरिक गार्लंड यांची साधी सुनावणीही घेतली नाही, कारण निवडणुकीचे वर्ष होते. आणि २०२० साली निवडणूक आठ दिवसांवर आली असता एमी बॅरेट यांची नेमणूक ५२ विरुद्ध ४८ मतांनी उरकली. बहुमत ज्याचे, त्याचा नियम.

जर्मनीत घटना न्यायालयाचे निम्मे न्यायाधीश खालचे सभागृह निवडते, निम्मे वरचे. दोन तृतीयांश मते लागतात, म्हणून विरोधकांना बरोबर घेतल्याशिवाय सहसा कोणी निवडून येत नाही. मुदत बारा वर्षांची आणि पुन्हा नेमणूक नाही. दक्षिण आफ्रिकेच्या न्यायिक सेवा आयोगात नॅशनल असेंब्लीचे सहा सदस्य असतात आणि त्यांतील किमान तिघे विरोधी पक्षांचे असावे लागतात. उमेदवारांच्या मुलाखती जाहीर होतात.

नेपाळमध्ये दोन्ही सभागृहांची पंधरा जणांची सुनावणी समिती आहे. २०१८ साली तिने सरन्यायाधीशपदासाठी आलेले दीपकराज जोशी यांचे नाव नाकारले. पाकिस्तानचा अनुभव मात्र इशारा देणारा आहे. ऑक्टोबर २०२४ च्या घटनादुरुस्तीने तीन ज्येष्ठांतून सरन्यायाधीश निवडण्याचे काम बारा जणांच्या संसदीय समितीकडे दिले आणि समितीने लगेच पहिल्या दोघांना डावलून तिसऱ्याला निवडले. आपल्याकडे १९७३ साली मंत्रिमंडळाने जे केले, ते तिथे संसदेच्या नावाने झाले.

या सर्वांचे सार असे की संसदेचा सहभाग ही दुधारी सुरी आहे. समिती कोणाची, बहुमत कोणाचे, सुनावणी उघडी की बंद, आणि शेवटचा शब्द कोणाचा, यावर सगळे ठरते.

आमचे म्हणणे

संसदेला नकाराधिकार द्यावा, असे आम्ही म्हणत नाही. आपल्याकडे १९८५ पासून पक्षांतरबंदी कायदा आहे. सभागृहात व्हिप निघाला की खासदाराचे मत त्याचे राहत नाही. अशा सभागृहाला नकाराधिकार दिला तर तो सरकारलाच दिल्यासारखे होईल, आणि २०१५ च्या निकालापुढे तो टिकणारही नाही. पण संसदेने नाव उघडपणे तपासावे, प्रश्न विचारावेत आणि लेखी मत द्यावे, याने न्यायाधीशांचे प्राधान्य मोडत नाही. दहाव्या परिशिष्टातील बंधन सभागृहातील मतदानाला आहे, समितीतील मताला नाही. तेव्हा समितीत खासदार मोकळेपणाने बोलू शकतो. कामगार चळवळीने पुढील मागण्या लावून धराव्यात:

१) सर्वोच्च न्यायालय आणि उच्च न्यायालयांसाठी विचारात घेण्याच्या नावांची यादी व निवडीचे निकष आधी जाहीर व्हावेत.

२) दोन्ही सभागृहांची एक स्थायी सुनावणी समिती असावी. तीत सत्ताधारी आणि विरोधक समसमान असावेत आणि लोकलेखा समितीप्रमाणे अध्यक्षपद विरोधी पक्षाकडे असावे. मंत्र्याला तीत स्थान नसावे.

३) समितीने सर्वोच्च न्यायालयासाठी आणि उच्च न्यायालयांच्या मुख्य न्यायमूर्तींसाठी शिफारस झालेल्यांची जाहीर सुनावणी घ्यावी. प्रलंबित खटल्यांवर प्रश्न विचारण्यास मनाई असावी. कामगार संघटनांसह कोणत्याही नागरिकाला लेखी निवेदन देता यावे.

४) समितीचे मत सल्ल्याचे असावे. ते न मानल्यास कॉलेजियमने लेखी कारणे जाहीर करावीत.

५) प्रत्येक टप्प्याला मुदत असावी. ठरलेल्या मुदतीत सरकारने आक्षेप लेखी कळवला नाही तर नेमणूक झाली असे मानले जावे. नाव दाबून ठेवण्याचा मार्ग बंद झाला पाहिजे.

६) निवृत्तीनंतर ठरावीक वर्षे न्यायाधीशांना सरकारने दिलेले कोणतेही पद, राज्यपालपद किंवा राज्यसभेतील नामनियुक्ती घेता येऊ नये. उद्याच्या खुर्चीची आशा असली की आजचा हात लिहिताना थबकतो.

यावर दोन आक्षेप येतील. पहिला, की अशा जाहीर सुनावणीला चांगले वकील उभे राहणार नाहीत, त्यांची नाहक बदनामी होईल. गँगमनच्या नोकरीसाठी पोलीस पडताळणी होते, वैद्यकीय तपासणी होते, बढतीसाठी परीक्षा होते. देशाच्या कायद्यावर शेवटचा शब्द सांगणाऱ्याने दोन तास प्रश्नांची उत्तरे दिली तर त्याची प्रतिष्ठा कमी कशी होईल? दुसरा आक्षेप, की खासदारांची योग्यता ती काय? संसदेत कलंकित माणसे बसतात हे खरे आहे. पण त्यांना दर पाच वर्षांनी आपल्या दारात यावे लागते. बंद खोलीतल्या कोणालाही यावे लागत नाही.

हे सारे प्रश्न आपल्या अगदी जवळच्या न्यायालयालाही, म्हणजे कॅटलाही, लागू आहेत. नोव्हेंबर १९८५ पासून आपले सेवाविषयक खटले तिथे चालतात. तिथल्या सदस्यांच्या नेमणुका आणि मुदती सरकारच्या हाती ठेवणाऱ्या २०२१ च्या कायद्यातील तरतुदी सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२५ मध्ये रद्द केल्या. हा लढा वकिलांच्या संघटनेने लढला. आपल्या खटल्यांचा न्याय करणारे न्यायाधिकरण, आणि त्याच्या स्वातंत्र्यासाठी दावा दुसऱ्यांनी लावायचा, हे आपल्या चळवळीला शोभणारे नाही.

साताऱ्याचे न्या. प्र. बा. गजेंद्रगडकर यांनी सर्वोच्च न्यायालयात कामगार कायद्याचा पाया घातला, १९६४ साली ते सरन्यायाधीश झाले आणि निवृत्तीनंतर पहिल्या राष्ट्रीय श्रम आयोगाचे अध्यक्ष होते. न्या. कृष्ण अय्यर यांनी फेब्रुवारी १९७८ मध्ये ‘उद्योग’ शब्दाची व्याख्या रुंद करून लाखो कामगारांना कायद्याच्या छत्राखाली घेतले. असे न्यायाधीश आपल्याला योगायोगाने मिळाले. नेमणुकीची पद्धत अशी हवी की ते योगायोगाने मिळायला लागू नयेत आणि सरकारला नकोसे झाले म्हणून त्यांची वाट अडवलीही जाऊ नये.

शाखांनी येत्या सभांत हा विषय कार्यक्रमपत्रिकेवर घ्यावा. वरील मागण्यांचा ठराव करावा आणि तो आपापल्या मतदारसंघातील खासदाराला, त्याचा पक्ष कोणताही असो, शिष्टमंडळाने जाऊन द्यावा. लेखी उत्तर मागावे. आलेली उत्तरे, आणि ज्यांनी उत्तर दिले नाही त्यांची नावे, आमच्याकडे पाठवावीत. ती या पानांवर छापली जातील.